पोर अठराचं होण्याआधी त्याच्या पैशांची सोय कशी लावायची

गणेश चवथीला मामा-आत्या हातावर नोटा ठेवतात, घुमट वाद्यावरच्या आरतीच्या स्पर्धेचं बक्षीस येतं, मे महिन्यात आजोळी काजूच्या बिया वेचल्या की त्याचे थोडे, असं करत करत दहावीपर्यंत मुलाचे बरेच पैसे जमतात आणि बहुतेक घरांत ते आईच्या कपाटात नाहीतर बाबांच्या खात्यात मिसळून जातात. हे आधी थांबवा. पैसे त्याचे आहेत, त्याच्या नावावर दिसायला हवेत.

१० वर्षं पूर्ण झाली की मुलाला स्वतःच्या सहीने खातं उघडता येतं, बँकेतही आणि पोस्टातही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये याचे नियम नव्याने काढले, पण रकमेची मर्यादा किती आणि एटीएम कार्ड द्यायचं की नाही हे प्रत्येक बँक आपलं ठरवते, त्यामुळे ब्रँचमध्ये जाऊन विचारा. पालक म्हणून आईची सही चालते, बाबा बोटीवर असतील तर ते घरी येईपर्यंत थांबायची गरज नाही. मुलाच्या पैशांवरचं व्याज आईबाबांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात धरलं जातं, मात्र पोराने स्वतःच्या मेहनतीने किंवा कलेने कमावलेले पैसे तसे धरत नाहीत. म्हणून बक्षिसाची पावती, सर्टिफिकेट जपून ठेवा.

थोडे पैसे त्याला हाताळायला द्या आणि पासबुक त्यालाच भरून आणू दे, बाकीची एफडी करा.

आता खरा मुद्दा. आमच्या मुलीचा वाढदिवस मे मधला, जूनमध्ये कॉलेजची फी भरायची आणि नेमके तेव्हाच पैसे निघेनात, कारण १८ पूर्ण झाल्यावर पालकाची सही चालत नाही आणि तिच्या सहीचा नमुना बँकेत दिलेलाच नव्हता. चार खेपा मारल्या, शेवटी फी उसने घेऊन भरली. पोरगी रडवेली झाली होती, माझे पैसे असून मलाच मिळत नाहीत म्हणून. तेव्हा सतरावं लागलं की तयारीला लागा. आधारचं पंधराव्या वर्षाचं बायोमेट्रिक अपडेट राहिलं असेल तर ते पहिलं करा. लहानपणी काढलेल्या पॅन कार्डावर फोटो आणि सही नसते, अठरा झाल्या झाल्या नव्या कार्डासाठी अर्ज टाका, मग बँकेत नव्याने केवायसी, म्हणजे ओळखीची कागदपत्रं देणं. मुलाच्या नावे म्युच्युअल फंडाची एसआयपी (ठराविक रकमेची नियमित गुंतवणूक) असेल तर ती १८ ला थांबते आणि खातं सज्ञान म्हणून बदलून घेईपर्यंत पैसेही काढता येत नाहीत, तो फॉर्म आधीच आणून वाचून ठेवा. फी भरायच्या दिवसांत वाढदिवस येत असेल तर फीपुरते पैसे महिनाभर आधीच काढून बाजूला ठेवा.

आणि सही. या वयात पोरांची सही दर महिन्याला बदलते, तेव्हा घरी वहीत वीसेक वेळा करून घ्या, एक पक्की ठरवा आणि पॅनच्या अर्जावर, बँकेत, फंडाच्या फॉर्मवर तीच करायला लावा.