दारू आणि डिप्रेशन एकाच माणसात: उपचार करताना या चुका टाळा

“आधी ह्यांची दारू सोडवा, मग डोक्याचं बघू.” व्यसनमुक्तीच्या ओपीडीत हे वाक्य मी किती बायकांच्या तोंडून ऐकलं असेल, मोजदाद नाही. मानसोपचाराच्या खिडकीवर बरोबर उलटं ऐकू येतं: “आधी दारू सोडून या, मग गोळ्या सुरू करू.” पेशंट मधल्या व्हरांड्यात. तिथून तो घरी जातो आणि वाटेत एक चपटी घेतो.

मी समुपदेशक आहे. औषधं डॉक्टर लिहितात, मी बाकावरच्या गप्पा ऐकते. त्या गप्पांत त्याच त्याच चुका पुन्हा पुन्हा भेटतात, त्या इथे लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकते. व्यसन वेगळं आणि मनाचा आजार वेगळा, ही वाटणी कायद्यालाही मान्य नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या आजाराच्या व्याख्येत दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही आहेत. आणि मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राची सुरुवात १९८६ साली कुठे झाली? पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच.

“आधी काय आलं?” यावर भांडत बसणं

सासू म्हणते दारूने डोकं फिरलं. पेशंट म्हणतो टेन्शन आहे म्हणून पितो. दोघंही खरं बोलत असू शकतात. दारू स्वतःच मन खाली ओढते, झोप मोडते, पहाटे तीनला छातीत धडधड करून उठवते. पूर्ण थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत पुष्कळांची उदासी बरीचशी निवळते. ज्यांची निवळत नाही, किंवा ज्यांना पहिला पेग घेण्याच्या आधीपासूनच हे होत होतं, त्यांचा मनाचा आजार दारूच्या सावलीत लपलेला असतो. तो स्वतंत्रपणे बरा करावा लागतो.

हे ओळखायला भांडण नको, तारखा हव्यात. माझा आवडता प्रश्न श्रावणाचा आहे. आपल्याकडे कितीतरी जण श्रावण पाळतात, कोणी माळ घातल्यावर वर्ष-वर्ष थेंब घेत नाही. त्या कोरड्या दिवसांत मन कसं होतं? श्रावणाच्या शेवटी माणूस हसत-खेळत असेल तर एक दिशा मिळते. महिनाभर थेंब न घेता तो भिंतीकडे तोंड करून झोपलेला असेल तर दुसरी. डॉक्टरही साधारण महिन्याभराच्या कोरड्या काळाकडेच बघतात, म्हणजे आपलं पंचांग इथे आयतं कामाला येतं.

म्हणून दोनशे पानी वही घ्या. दारू कधी सुरू झाली, कधी वाढली, कधी किती दिवस बंद होती. उदासी, भीती, संशय, कानात आवाज येणं हे कधी सुरू झालं. रात्र-रात्र न झोपता उत्साहात असणं, उधारीवर दुकान टाकणं, पैसे वाटत सुटणं असे दिवस कधी आले होते का, तेही लिहा. ही शेवटची नोंद घरचे हमखास विसरतात, कारण त्या दिवसांत माणूस ‘चांगला’ वाटतो. पण तो बायपोलर, म्हणजे उदासी आणि अति उत्साह आलटून-पालटून येणारा आजार असेल आणि त्याला नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या गेल्या, तर गाडी उलट्या दिशेला सुसाट सुटू शकते.

महिनाभर थांबून बघणं सगळ्यांना लागू नाही, हेही लक्षात ठेवा. मरणाच्या गोष्टी, कानात आवाज, पूर्वी निदान झालेला आजार यातलं काहीही असेल तर उपचार त्याच दिवशी सुरू व्हायला हवेत.

घरात कोंडून एकदम बंद करणं

श्रावणाचं कौतुक केलं, पण रोज सकाळपासून पिणाऱ्याला ते लागू नाही. सकाळी हात थरथरतात आणि घोट घेतल्यावरच थांबतात, अशा माणसाची दारू घरच्या घरी एका दिवसात तोडू नका. शेवटच्या पेगनंतर काही तासांतच थरथर, घाम, उलट्या सुरू होतात. फिट साधारण पहिल्या दोन दिवसांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना अंगावर किडे चालताना दिसतात, घरातली माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. याला डिलिरियम म्हणतात आणि यात माणूस दगावू शकतो. नेमक्या अशा वेळी घरचे म्हणतात ‘बाहेरचं झालंय’, आणि मौल्यवान दोन दिवस देवऋष्याच्या अंगणात जातात.

हीच गोष्ट हाडांच्या वॉर्डातही घडते. पाय मोडून भरती झालेला माणूस तिसऱ्या रात्री सलाईन उपटून पळायला लागतो. सगळे म्हणतात, वेड लागलं. तो रोज पितो हे भरतीच्या वेळी लाजेपोटी कोणी सांगितलेलंच नसतं. गावातल्या दवाखान्यात ‘अशक्तपणा आलाय, सलाईन लावा’ म्हणतानाही हे आधी सांगा. बरीच वर्षं पिणाऱ्यांच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व कमी असू शकतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. डॉक्टरांना माहीत असेल तर ते बी-१चं इंजेक्शन आधी देतात.

भाजीत गोळी कालवणं

‘पेशंटला न सांगता दारू सोडवा’ अशी जाहिरात तुम्ही एसटीच्या सीटमागे वाचली असेल. त्या पुडीत काय असतं ते पुडी विकणाराच जाणे. डायसल्फिराम मात्र खरं औषध आहे आणि त्यावर दारू प्यायली तर तोंड लाल होतं, उलट्या होतात, धडधड वाढते, रक्तदाब घसरतो. हृदयाचा त्रास असणाऱ्याच्या ते जिवावर बेतू शकतं. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. शिवाय ज्याला आधीच संशयाचा किंवा भासांचा आजार आहे त्याचा आजार या औषधाने भडकू शकतो. आणि ज्याला ‘बायको जेवणात काहीतरी कालवते’ असा संशय आहे, त्याच्या जेवणात खरंच काहीतरी कालवलं, तर पुढे त्याला कुठलंही औषध देणं विसरा.

ज्याला घ्यायची आहे त्याला माहिती देऊन, लिव्हरची तपासणी करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली तर ही गोळी उपयोगी आहे. तलफ कमी करणारी दुसरी औषधंही मिळतात, नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट. त्यांच्याबद्दल स्वतःहून विचारा.

सगळ्या गोळ्यांना एकाच तराजूत तोलणं

“मानसिकच्या गोळ्यांची सवय लागते” ही भीती चुकीच्या गोळ्यांना चिकटली आहे. डिप्रेशनच्या गोळ्यांची तलफ येत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि नेमके त्याच काळात लोक त्या सोडून देतात. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या नि घबराटीच्या गोळ्यांची, ज्या शेजारणीकडून उसन्या घेतल्या जातात. दारू आणि या गोळ्या एकत्र पोटात गेल्या तर श्वास मंदावतो. आणि बरेच महिने घेतलेली अशी गोळी एकदम तोडली तर दारूसारखीच फिट येऊ शकते. ती उतरवायचीही पायरी-पायरीनेच.

याला जोडून एक चूक आहे, ती चांगल्या मनाने होते. “आज घेतली, म्हणून आज गोळी नाही घेतली.” शनिवारी दारू, रविवारी उतारा, म्हणजे आठवड्यातले दोन दिवस औषध नाही. ‘प्यायलो त्या दिवशी कुठली गोळी घ्यायची आणि कुठली नाही?’ हा प्रश्न डॉक्टरांना आधीच विचारून उत्तर वहीत लिहून घ्या. विचारायला लाजू नका, डॉक्टरांनाही पेशंट घसरणार हे माहीत असतं. घसरला म्हणजे उपचार फुकट गेले असं नसतं.

बिडीबद्दल थोडंसं. भास-संशयाच्या आजारावरच्या क्लोझापिन किंवा ओलांझापिन या गोळ्या चालू असताना बिडी-सिगारेट एकदम सुटली तर रक्तातलं औषधाचं प्रमाण वाढतं आणि माणूस दिवसभर पेंगतो. कारण धुरात आहे, निकोटिनमध्ये नाही. म्हणून मिश्री किंवा तंबाखू सोडल्याने असं होत नाही. बिडी जरूर सोडा, पण डॉक्टरांना सांगून. आणि गांजा ‘नैसर्गिक’ असतो म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते: ज्या पोराला आवाज ऐकू येतात त्याच्यासाठी ती चिलीम म्हणजे रॉकेल आहे.

“दारूत बोलला, सकाळी विसरेल”

दारूत माणूस नाटक करतो, असं म्हणून मरणाची भाषा सोडून दिली जाते. दारूने स्वतःवरचा ताबा सुटतो आणि विचार व कृती यांतलं अंतर मिटतं. म्हणून दारूत बोललेलं जास्त गंभीरपणे घ्यायचं. सकाळी शुद्धीवर आल्यावर शांतपणे सरळ विचारा, “काल मरायचं म्हणत होतास, खरंच तसं वाटतं का?” विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. शेतकरी घर असेल तर फवारणीचं औषध त्याच दिवशी घरातून हलवा, भावकीत कोणाकडे तरी कुलपात ठेवा. गोळ्यांची पाकिटंही आठवड्यापुरतीच हाताशी ठेवा. त्या रात्री त्याला एकटं झोपू देऊ नका.

केंद्र निवडताना बिछाने मोजणं

२०१९च्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठलातरी उपचार मिळाल्याचं दिसलं होतं. एवढी टंचाई असली की कोणीही पाटी लावतं. भरतीआधी विचारा: मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? चालू असलेल्या मानसिक आजाराच्या गोळ्या तुम्ही बंद करता का? ‘इथे गोळ्या चालत नाहीत, फक्त इच्छाशक्ती’ असं उत्तर आलं तर चप्पल घाला आणि निघा. मानसिक आजाराच्या माणसाला भरती करून घेणाऱ्या संस्थेची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते, तो कागद बघायला मागा. पैसे नसतील तर पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत, आणि जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा.

आता ती वही पुन्हा उघडा. पहिल्या पानावर दोन नंबर लिहा: टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६, मोफत, आणि नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. खाली चालू गोळ्यांची नावं, किती मिलीग्रॅम, कोणी लिहिल्या. ओपीडीत आत गेल्यावर हे पान डॉक्टरांसमोर ठेवा, व्यसनाच्याही आणि मनाच्याही.