बॅशवर हात बसवताना: नवख्यांसाठी अनुभवाचे चार शब्द

लिनक्स सर्व्हर सांभाळण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांना मी सुरुवातीलाच आग्रहाने सांगतो, की कमांडमधली चूक दुरुस्त करण्यासाठी बाणाची कळ दाबून धरून एकेक अक्षर मागे सरकण्याची सवय लावून घेऊ नका. बॅशमध्ये, म्हणजे आपण लिहिलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये (शेलमध्ये), ही दुरुस्ती जीएनयू रीडलाइन नावाची लायब्ररी करते. तीच लायब्ररी जीडीबी या चुका शोधण्याच्या साधनासारखे (डीबगरसारखे) इतर प्रोग्रॅमही वापरतात, त्यामुळे एकदा बोटांत बसलेल्या कळा तिथेही उपयोगी पडतात.

कंट्रोल-ए दाबले की कर्सर ओळीच्या आरंभी जातो आणि कंट्रोल-ई दाबले की शेवटी. ऑल्ट-बी आणि ऑल्ट-एफ एकेक शब्द मागेपुढे नेतात. मॅकच्या टर्मिनलमध्ये ऑल्टच्या जागी ऑप्शन कळ वापरायची असेल, तर सेटिंगमध्ये तिला मेटा कळ म्हणून नेमावे लागते. एवढ्या चार कळा दोन दिवसांत अंगवळणी पडतात.

खरी ताकद मजकूर कापण्यात आहे, कारण इथे कापलेला मजकूर नाहीसा होत नाही. समजा, एक लांबलचक कमांड लिहून झाली आणि एंटर दाबण्यापूर्वी लक्षात आले, की आपण भलत्याच डिरेक्टरीत आहोत. अशा वेळी कंट्रोल-यू दाबून अख्खी ओळ कापावी, योग्य डिरेक्टरीत जावे आणि कंट्रोल-वाय दाबावे. संपूर्ण कमांड जशीच्या तशी परत येते. मात्र बॅशमध्ये कंट्रोल-यू कर्सरपासून मागचाच भाग कापतो, तर झेडशेल या दुसऱ्या शेलमध्ये तीच कळ मूळ मांडणीनुसार सगळी ओळ उचलते. कर्सरच्या पुढचा भाग कापायचा असेल, तर कंट्रोल-के वापरावे.

शब्द खोडण्याच्या दोन कळांमधला फरक मात्र नीट समजून घ्यावा. ओळीच्या शेवटी ‘/वार/लॉग/एनजिनएक्स/एरर.लॉग’ असा पाथ असेल, तर कंट्रोल-डब्ल्यू मागच्या रिकाम्या जागेपर्यंत जाऊन सगळा पाथ उडवते. ऑल्ट-बॅकस्पेस मात्र तिरपी रेघ आणि टिंब यांनाही शब्दाची सीमा मानते, म्हणून ती दोनदा दाबल्यावर फक्त फाइलचे नाव जाते आणि डिरेक्टरी शाबूत राहते. पाथ हाताळण्याचे काम रोजचे असल्याने मला ही कळ सर्वांत मोलाची वाटते.

जुनी कमांड शोधण्यासाठी कंट्रोल-आर दाबून तिचा आठवेल तो तुकडा लिहावा आणि आणखी मागची हवी असल्यास तीच कळ पुन्हा दाबावी. सापडलेली कमांड थेट एंटर दाबून चालवण्याची घाई करू नये, कारण एंटरने ती तत्काळ चालते. कंट्रोल-ई दाबल्यास ती ओळीवर उतरते आणि वाचून, बदलून मग चालवता येते. शोध सोडून द्यायचा असेल, तर कंट्रोल-जी. कंट्रोल-एस दाबले गेल्याने पडदा गोठल्यासारखा वाटला, तर घाबरून टर्मिनल बंद करू नये. कंट्रोल-क्यू दाबताच ते पुन्हा चालू होते.

कमांड फारच लांबली, तर कंट्रोल-एक्स आणि लगेच कंट्रोल-ई दाबून ती नेहमीच्या एडिटरमध्ये उघडता येते. एवढे ध्यानात ठेवावे, की एडिटर बंद होताच बॅश ती कमांड चालवते, आणि काही न बदलता बाहेर पडलात तरी मूळ ओळ चालते. विचार बदलला असेल, तर सगळा मजकूर पुसून रिकामी फाइल सेव्ह करावी आणि मगच बाहेर पडावे.