नदीकाठच्या उद्यानात मुक्कामाला जाताना

तयारीची सुरुवात पिशवी भरण्यापासून नको, नदीच्या चौकशीपासून करा. तंबू, शेगडी, अंथरूण हे सगळं डोंगरावर गेलात तरी लागतंच. इथे मात्र उशाशी वाहतं पाणी असतं आणि ते रात्रीतून वाढू शकतं. म्हणून जागा राखून ठेवायला फोन कराल तेव्हा पहिले प्रश्न पाण्याचेच विचारा. वरच्या अंगाला धरण आहे का? पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो का, आणि तो तंबूंच्या जागेपर्यंत ऐकू येतो का? पाणी वाढलं तर वर जायची वाट कोणती? त्याच फोनवर बाकीचंही उरकून घ्या: पिण्याच्या पाण्याचा नळ किती लांब आहे, स्वच्छतागृह रात्री उघडं असतं का, विस्तव कुठे पेटवता येतो, गाडी तंबूपर्यंत जाते का, मोबाइलला रेंज मिळते का. बरोबर वयस्कर किंवा चाकाच्या खुर्चीवरचं कुणी असेल, तर नुसतं ‘सोय आहे’ या उत्तरावर थांबू नका. पायऱ्या किती, उतार कसा, धक्क्यापर्यंत पक्की वाट आहे का, हे नीट विचारा.

हवामानाचा अंदाज मुक्कामाच्या जागेचा तर पाहाच, पण नदी जिकडून येते तिकडचाही पाहा. डोक्यावर स्वच्छ आभाळ असताना पाणी वाढतं, ते वरच्या भागात झालेल्या पावसानं.

पोहोचल्यावर तंबू उलगडायच्या आधी काठाने एक फेरी मारा आणि झुडपांकडे बघा. फांद्यांच्या बेचक्यांत वाळलेलं गवत, काटक्या, प्लास्टिकच्या चिंध्या एकाच उंचीवर अडकलेल्या दिसतात. मागचा पूर तिथवर आला होता, असा त्याचा सरळ अर्थ. तंबू त्या रेषेच्या चांगला वर लावायचा. खालची वाळू कितीही मऊ असो, पाण्याचं दृश्य कितीही सुंदर असो. वर गेल्याचा आणखी एक फायदा म्हणजे थंड हवा रात्री सखल भागात साचते, दव तिथेच जास्त पडतं, त्यामुळे थोड्या उंचावर ऊबही जास्त आणि कापडही कोरडं राहतं. मान वर करून झाडंही पाहून घ्या. वाळलेल्या फांदीखाली झोपायचं नाही. मग पाण्याच्या कडेला एक काठी रोवून ठेवा. तिचं काम पुढे आहे.

तंबू घरी एकदा उभा करून पाहा. खुंट्या मोजा, चार जास्तीच्या घ्या. वाळूत साधी खुंटी धरत नाही. दोरी वाळू भरलेल्या पिशवीला बांधून ती पिशवी पुरली की पक्की बसते. खालची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा थोडी लहान हवी. कडा बाहेर आल्या की पावसाचं पाणी त्यांवर पडतं आणि थेट तुमच्या पाठीखाली जमतं. अंगाखालच्या चटईवर पैसे वाचवू नका, जमीन अंगातली ऊब ओढून घेते आणि चांगली झोपायची पिशवीही तिच्यापुढे हात टेकते. कपडे सुती कमी, लवकर वाळणारे जास्त. एक पूर्ण कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून वेगळा ठेवा.

नदीचं पाणी नितळ दिसलं तरी तसंच पिऊ नका. नळ नसेल तर खळखळून उकळी आल्यावर 1 मिनिट उकळायचं, समुद्रसपाटीपासून 2000 मीटरच्या वर असाल तर 3 मिनिटं. भांडी आणि अंग नदीत धुवायचं नाही, साबण कोणताही असो. पाणी भरून काठापासून 60 मीटर तरी लांब न्यायचं. शेगडी, निखारे, विझत आलेली चूल, यातलं काहीही तंबूच्या आत नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत ते कळतही नाही. विजेची जोडणी असलेली जागा घेतली असेल तर बाहेर वापरायची केबल न्या आणि ती पूर्ण उलगडा, गुंडाळी तशीच ठेवून वापरली तर तापते.

आता पाण्यातलं. लाइफ जॅकेट भाड्यानं मिळणार असलं तरी मुलांच्या मापाचं आहे का, हे आधीच विचारा. घालून पट्टे आवळा आणि खांद्यापाशी धरून वर उचला. हनुवटी आत गेली तर ते जॅकेट त्या मुलाचं नाही. मूल पाण्यात असेल तेव्हा एका मोठ्या माणसानं हाताच्या अंतरावर राहायचं आणि फोन दुसऱ्याकडे द्यायचा. कुणाची पाळी हे तिथे ओरडून नाही, घरून निघतानाच ठरवा. पायात बंद बूट हवेत. ओढीच्या पाण्यात उभं राहायला गेलं की पाय दगडांच्या फटीत अडकतो आणि पाणी माणसाला पुढे आडवं पाडतं; वाहून जायला लागलात तर पाठीवर पडून पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेला, वर धरून तरंगा आणि तिरकं काठाकडे सरका. घोट्याच्या थोडं वर, 15 सेंटिमीटर खोल पण वेगाचं पाणीही मोठ्या माणसाला पाडू शकतं. बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारू नका: 15-20 मीटरची तरंगणारी दोरी काठावर, हाताशी ठेवा. गडगडाट ऐकू आला की सगळे पाण्याबाहेर आणि पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं परत उतरायचं नाही. तंबू विजेपासून वाचवत नाही.

प्रथमोपचाराच्या पेटीत रोजची औषधं, क्षारांची पाकिटं, चिमटा आणि कीटकांसाठीचं मलम असू द्या. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात. स्वतःची होडी नेणार असाल तर एका नदीतून दुसरीत घालण्याआधी ती धुऊन, पाणी काढून, पूर्ण वाळवा. नाहीतर तण आणि शिंपले तिच्याबरोबर जातात. कुठे मुक्काम आहे आणि कधी परतणार, हे घरच्या एकाला लिहून द्या.

रात्री झोपण्याआधी गाडीचं तोंड रस्त्याकडे करा. किल्ली, बूट आणि डोक्याला बांधायची बॅटरी तंबूच्या दाराशी, अंधारात हात जाईल अशा एकाच जागी ठेवा. मग काठावरच्या काठीवर उजेड टाका. पाणी काठीच्या पुढे आलेलं असेल, किंवा संध्याकाळी नितळ होतं ते गढूळ होऊन काटक्या-पाला घेऊन वाहत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. मुलांना उठवा आणि वर चला, तंबू राहू द्या.