ऑटिझम असलेल्या तरुणाला चारचाकी शिकवायची असेल तर

मी एसटीत चालक होतो. महाबळेश्वर, मेढा, बामणोली, उभी नोकरी घाटात गेली. निवृत्तीनंतर साताऱ्यात एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. आमच्याकडे ऑटिझम (स्वमग्नता) असलेली मुलं-मुली येतात. त्यांचे आईवडील आणि गाडी शिकवणारे माझे भाईबंद यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी हे विचारा की गाडी शिकायची इच्छा कुणाची आहे. वडिलांची असेल तर थांबा. मुलाची असेल तर ऑटिझम आहे म्हणून कुणी त्याला अडवू नये. शिकाऊ परवान्याच्या अर्जासोबत नमुना १ भरावा लागतो. त्यात फिट येते का, अचानक चक्कर किंवा बेशुद्धी येते का, २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, रंगांधळेपणा आहे का, असं विचारलेलं असतं. ऑटिझमचं नाव त्यात नाही. पण ऑटिझम असलेल्या काही जणांना फिट्सही येतात. तसं असेल तर लपवू नका, आधी न्यूरोलॉजिस्टला भेटा. गाडी चालवण्यावर परिणाम करणारा दुसरा काही त्रास असेल तर तोही अर्जात लिहावा लागतो. गोळ्यांनी झोप येत असेल तर तेही डॉक्टरांशी बोलून घ्या.

सुरुवात उभ्या गाडीत करा. इंजिन बंद. सीटबेल्ट मानेला घासतो का, एसीचा झोत तोंडावर सहन होतो का, डॅशबोर्डवरच्या अत्तराच्या बाटलीचा वास नको वाटतो का, रिव्हर्सचा बीप कानाला टोचतो का, एकेक विचारा. सुगंधी बाटली मी कायमची काढून टाकली आहे. रेडिओ बंदच. एका मुलाला शर्टाच्या कॉलरवर बेल्ट आला की दुसरं काही सुचायचं नाही. बेल्टला मऊ कापडी कव्हर घातलं आणि तो मोकळा झाला. शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो, तो त्याला दाखवा, दाबून दाखवा. मी ब्रेक लावला की तोंडाने “मी ब्रेक लावला” असं म्हणतो. न सांगता स्टेअरिंगला हात घालू नका. अचानक झालेला स्पर्श अनेकांना सहन होत नाही, त्या धक्क्यात पाय भलतीकडेच पडायचा.

आता बोलण्याचं. आपल्या लाइनीत “जरा दाब”, “थोडं सोड”, “घे आत”, “अरे अरे अरे” यावर सगळं शिक्षण चालतं. इथे ते चालणार नाही. “थोडं” म्हणजे किती? हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धाच सोडून धरणं, शिकवताना मी म्हणतो, “डावा पाय हळूहळू वर घे. गाडी थरथरली की पाय तिथेच धर आणि तीन आकडे मोज.” एका वेळी एकच सूचना, आणि वळणाच्या बरीच आधी: “पुढे पेट्रोल पंप आहे. पंपानंतरचा पहिला रस्ता. डावीकडे.” “नको” असं सांगू नका, काय करायचं ते सांगा. आवाज चढवायचा नाहीच. पहिले काही दिवस मोकळ्या मैदानावर क्लच-ब्रेक मी सांभाळतो आणि त्याच्याकडे फक्त स्टेअरिंग देतो. हात बसले की मग पाय. हातपाय जुळायला फारच त्रास होत असेल तर बिनधास्त ऑटोमॅटिक गाडी घ्या. आपल्याकडे त्या गाडीसाठी वेगळा परवाना लागत नाही.

पण माझा अनुभव असा आहे की गिअर पुढेमागे जमतात. खरी मेहनत लागते ती रस्त्यावरच्या न बोललेल्या भाषेला. आपण ती बघून बघून शिकलो, कुणी शिकवली नाही. या मुलांना ती गिअरसारखीच शिकवावी लागते, शब्दांत.

समोरच्याने डिपर मारला, म्हणजे हेडलाइट उघडझाप केला. याचा अर्थ काय? आपल्याकडे बहुतेक वेळा “मी येतोय, तू थांब” असा. कधी “पुढे पोलीस आहेत”, कधी “तुझा लाइट डोळ्यांवर येतोय”. ट्रकच्या मागे “हॉर्न ओके प्लीज” लिहिलेलं असतं. व्यावसायिक वाहनांवर ते लिहायला महाराष्ट्रात २०१५ साली बंदी आली, तरी ते दिसतं. आमची एक मुलगी प्रत्येक ट्रकमागे इमानेइतबारे हॉर्न द्यायची, कारण तशी विनंती लिहिलेली होती. तिला सांगितलं, ती रंगवलेली अक्षरं आहेत, सूचना नाही. हॉर्न फक्त समोरच्याला आपण दिसत नसू तेव्हा. तिने तो नियम तेव्हापासून एकदाही मोडला नाही.

त्याच मुलीने वहीत तीन रकाने आखले: काय दिसलं, अर्थ काय काय असू शकतो, मी काय करायचं. ही पद्धत मी आता सगळ्यांना देतो. उदाहरणार्थ, हायवेवर पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला. कधी तो “पुढे जा” म्हणतोय, कधी खरंच उजवीकडे वळतोय. मी काय करायचं? ओव्हरटेक नाही, मागेच राहायचं. क्लीनरने हात हलवला तरी स्वतःला रस्ता दिसल्याशिवाय जायचं नाही. उसाच्या हंगामात कोरेगाव-रहिमतपूर बाजूला दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, मागे लाल दिवा असेलच असं नाही. तेव्हा अंधारात पुढे काही दिसत नसलं तरी रस्ता मोकळा आहे असं धरायचं नाही.

यातली अनेक मुलं नियमाला पक्की असतात, आणि मला ते फार आवडतं. चौकातल्या बेटाला वळसा घालणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हे परवानाधारकांपैकी किती जण पाळतात? ही मुलं पाळतात. त्रास होतो तो समोरचा उलट्या बाजूने आला की. “तो चुकीचा आहे!” म्हणून मुलगा आपली जागा सोडत नाही. त्याला नियमांचाच क्रम लावून द्या. पहिला नियम, टक्कर टाळायची. हक्क कुणाचा हा दुसरा नियम, आणि पहिला पूर्ण झाल्यावरच तो लागू होतो. असं सांगितलं की त्यांना पटतं. नुसतं “ॲडजस्ट कर” म्हटलं तर पटत नाही, आणि का पटावं?

रस्त्यावर आल्यावर त्याला बोलत गाडी चालवायला लावा. “डावीकडे रिक्षा, माणूस उतरतोय, ब्रेकवर पाय.” त्याचं लक्ष कुठे आहे ते तुम्हाला कळतं. कुणाला बोलणं आणि चालवणं एकत्र जमत नाही, मग तुम्ही बोला आणि तो बघेल. मार्ग आदल्या दिवशी सांगा. साताऱ्यातल्या पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे चौकाखालच्या भुयारी रस्त्यांमध्ये, शिरण्याआधी तो भाग पायी हिंडून दाखवा, कुठल्या फाट्याने कुठे बाहेर पडतो ते. मार्ग पाठ झाला की बदल शिकवा: “आज एक वळण मी बदलणार आहे, कुठलं ते तिथे सांगेन.” बदल येणार हे माहीत असलं की तो पेलतो. आषाढी वारीच्या दिवसांत लोणंद-फलटण रस्त्यावर पालखीमुळे वाहतूक वळवतात, तेव्हा हेच कामी येतं.

गोंगाट, ऊन, डोकं भरून येणं यासाठी एक शब्द ठरवा. आमचा “थांबा” आहे. तो शब्द आला की वाद नाही: डावा इंडिकेटर, जागा बघून कडेला, हँडब्रेक, इंजिन बंद, पाणी. हे रोज मुद्दाम करून घ्या, त्रास नसतानाही. पोलिसाने हात केला तर काय, टायर बसला तर काय, याचं नाटक मैदानात करा. पोलीस काय विचारतील ते वाक्यासकट.

शिकाऊ परवान्यानंतर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते, पण शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. घाई करू नका. स्कूलच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष चालवायचे किमान १० तास धरलेत, या मुलांना ते बहुधा अपुरे पडतात. जास्त पण छोटे तास घ्या, शक्यतो रोज त्याच वेळी. चाचणीचा ट्रॅक आधी बाहेरून बघून या. अनोळखी आवाजात सूचना ऐकायची सवय हवी म्हणून मी माझ्या जुन्या सहकाऱ्याला शेजारी बसवतो, चाचणी घेणाऱ्या साहेबांसारखं तुटक बोलायला सांगतो. चाचणीच्या दिवशी निरीक्षकांना दोन वाक्यांत कल्पना द्या: सूचना स्पष्ट लागते, उत्तराला क्षणभर वेळ लागतो.

परवाना मिळाला की एकट्याने जायचा पहिला रस्ता एकच ठेवा, ओळखीचा, दिवसाउजेडी. तो गाडीत असताना आईने “पोचलास का” म्हणून फोन करायचा नाही. पोचला की तोच करेल, हे आधी ठरवून घ्या.