मिरजेला इनसोलचं माप द्यायला जाताना

संधिवात असलेल्या मुलांना बुटात घालायला इनसोल, म्हणजे पावलाला आधार देणारं त्यांच्या मापाचं पान, बनवून घ्यावं लागतं, त्यासाठीची ही तयारी. सगळ्यात आधी शाळेचे जुने बूट पिशवीत टाका. पॉलिश करू नका, धुऊ तर अजिबात नका. टाचेची आतली कड झिजलीय की बाहेरची, यावरून माप घेणाऱ्याला पोर पाऊल कसं टाकतं ते कळतं. आम्ही पहिल्या खेपेला कोरे बूट घालून गेलो होतो, शहाण्यासारखे! आदल्या रात्री ओल्या पायांनी शहाबादी फरशीवर चालवा आणि ठशांचा फोटो काढून ठेवा. लेकीच्या डाव्या ठशात मधली खाच स्पष्ट होती. उजवं पाऊल मात्र भाकरी थापल्यासारखं अख्खं उमटलं होतं.

वेळ अकरानंतरची मागा. या मुलांचे सांधे सकाळी आखडलेले असतात, आणि तासगावहून एसटीत बसून आलं की पुन्हा आखडतात. उतरल्यावर थोडं चालू द्या, मग माप. कपडे गुडघ्याच्या वरचे हवेत. एक गुडघा बरेच महिने सुजलेला असेल तर तो पाय जास्त लांब वाढू शकतो, म्हणून दोन्ही पायांची लांबी मोजायला सांगाच.

फाईलमध्ये औषधांचा कागद हवा. मेथोट्रेक्सेट (संधिवाताचं, आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध) असेल तर आठवड्यातला वार लिहून. इनसोल मिळालं म्हणून औषध थांबत नाही, हे घरच्या आज्जीला निघण्याआधीच सांगून टाका. ‘एवढ्याशा पोरीला कसला संधिवात’ म्हणणाऱ्यांना सांगा, सोळाच्या आत सुरू होणारा वेगळा प्रकारच आहे. त्यात डोळेही आतून सुजू शकतात, न दुखता, न लाल होता. डोळ्यांची तपासणी राहिली असेल तर त्याच फेरीत उरका.

नवे बूट माप झाल्यावरच घ्या: आतलं पान निघणारे, टाचेला कडक, लेसचे नाहीतर वेल्क्रोचे. मुलींचे ते पट्ट्याचे उथळ बूट चालत नाहीत. इनसोल घातलं की टाच बाहेर येते. शाळेच्या नियमात बसत नसतील तर डॉक्टरांकडून चिठ्ठी तिथंच मागून घ्या. रोजचे मोजेही बरोबर न्या.

इनसोल हातात आलं की पहिल्या दिवशी तासभरच घाला, मग रोज थोडं वाढवा. काढल्यावरचा लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर परत दाखवा, घरी कानस लावू नका.

आणि पोराची तयारी. माप घेताना पाय फोमच्या डब्यात दाबतात. गणपतीची शाडू माती उरली असेल तर भिजवून घरीच एकदा ठसा काढू द्या. आमच्या बाईसाहेबांनी तिथं दुसरा डबाही मागितला.