गोष्टीतलं साम्य आणि फरक शिकवताना या चुका टाळा

"काऊ आणि चिऊमध्ये फरक काय?" असं पहिली-दुसरीच्या मुलांना विचारलं की उत्तर येतं, काऊ काळा असतो आणि चिऊचं घर मेणाचं. दोन्ही बरोबर, पण तुलना झालीच नाही ना, एकाचा रंग सांगितला आणि दुसरीचं घर. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आणि ती मुलांची नाही, आपली आहे, आपण प्रश्नच मोकळा सोडतो. एकच मुद्दा धरा, घर कशाचं? मग शेणाचं आणि मेणाचं समोरासमोर येतं आणि पावसात एकच का वाहून गेलं हे मूल आपणहून विचारतं.

फळ्यावर लगेच ते एकमेकांत अडकलेले दोन गोल (मधे साम्य, दोन बाजूंना फरक) काढायची घाई पण नको. मधल्या जागेत काय लिहायचं हेच मुलांना कळत नाही. आधी हातात पेरू आणि सीताफळ द्या. बिया दोघांतही आहेत, पण पेरूच्या खाल्ल्या तरी चालतात, सीताफळाच्या थुंकाव्या लागतात. हे दोन-चार दिवस तोंडीच चालू दे. पुष्कळदा मुलाला फरक दिसलेला असतो, फक्त वाक्य सापडत नसतं, म्हणून "दोघंही", "पण", "मात्र" घालून आपण आधी बोलून दाखवायचं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आपण नुसते फरक विचारतो, साम्य राहूनच जातं. टुणुक टुणुक भोपळ्यातली म्हातारी आणि चिऊताई शेजारी ठेवून बघा. म्हातारी वाघाला म्हणते, लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होते, मग मला खा. चिऊ दाराबाहेरच्या काऊला म्हणते, थांब, बाळाला न्हाऊ घालते. दोघीही समोरच्याला थांबवतायत! हे मुलांना सापडलं की "का थांबवतात" यावर वर्गात जे भांडण होतं ते ऐकण्यासारखं असतं, म्हातारीला जीव वाचवायचाय, पण चिऊला खरंच काम होतं की दारच उघडायचं नव्हतं? इथे आपलं उत्तर देऊन टाकू नका प्लीज. "कशावरून म्हणतोस? दाखव" एवढंच म्हणा आणि ओळीवर बोट ठेवायला लावा.

आणि हो, काऊचिऊचा शेवट घरोघरी वेगळा असतो, कुठे काऊला चटका बसतो, कुठे चिऊ त्याला घरात घेते. "आमच्या आजीची गोष्ट अशी नाहीये" असं कोणी म्हणालं तर त्याला चूक ठरवू नका, दोन्ही शेवट फळ्यावर मांडा आणि त्या दिवशी तेच शिकवा.