भजन रेकॉर्ड करायला जाताना

आमच्या खानापूरच्या भजनी मंडळाचे अभंग बेळगावात, शहापूरकडच्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत रेकॉर्ड केले. तिथं शिकलो ते सांगतो.

पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, घरीच ठरवून जा. पेटीचा सूर तिथं बदलता येत नाही. तंबोरा, पखवाज तिच्याशीच जुळवायचे. पावसाळ्यात आमच्याकडची ओल पुडीत, म्हणजे पखवाजाच्या कातड्यात, शिरते नि त्याचा सूर उतरतो, म्हणून तासभर आधी पोचा, वाद्य खोलीत उघडं ठेवा. डाव्या पुडीला लावलेली कणीक मात्र एसीत वाळते. आमची दुसऱ्याच अभंगाला तडकली! ओलं फडकं नि जास्तीची कणीक जवळ असू द्या.

टाळ मुख्य आवाजाबरोबर घेऊ नका. त्यांचा खणखणाट गाणाऱ्याच्या माइकात शिरला की नंतर निघत नाही. ते शेवटी, वेगळे.

माइकपासून वीतभर अंतर ठेवा. आमचा इंजिनिअर कन्नड बोलणारा, पण 'विठ्ठल'मधला 'ठ्ठ' सैल पडला की काच वाजवायचा, "परत एकदा, काका." अशा कानाचं ऐका.

निघताना २४ बिटच्या वेव्ह फाइल (आवाज न दाबलेल्या, पूर्ण दर्जाच्या) मागून घ्या, प्रत्येक वाद्याची वेगळी. नुसत्या एमपी३वर समाधान मानू नका.